कंपनीनं सॉफ्टवेअर सोडलं, आपण आपला डेटा सोडायचा नाही: पेजमेकर आणि फॉक्सप्रोवरून मोफत सॉफ्टवेअरवर कसं यायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काड्यापेटीएवढी एक वस्तू हातात धरून दाखवली होती. जुन्या प्रिंटर पोर्टला लावायचा डोंगल. तो आजही ठणठणीत आहे. पण तो लावायला जागा असलेला कॉम्प्युटर आता आमच्याकडे नाही. या डोंगलमुळे एका लग्नसराईत आमचं दुकान जवळजवळ बंद पडलं होतं. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे नीट लिहून देतोय.

हा धडा फक्त प्रिंटिंगवाल्यांसाठी नाही. तुम्ही किराणा चालवा, फोटो स्टुडिओ चालवा, नाहीतर उद्या एखादं जुनं चालू दुकान विकत घ्या. काउंटरवर एक जुना कॉम्प्युटर असतोच, आणि त्यात असं एखादं सॉफ्टवेअर असतं की ते बनवणाऱ्यानं कधीच हात वर केलेले असतात.

आमच्या दुकानात काय झालं

एप्रिल २०२२. विट्याच्या बाजारपेठेतलं आमचं प्रिंटिंग आणि स्टेशनरीचं दुकान. लग्नपत्रिकांच्या अठरा ऑर्डर हातात. दुपारी लाइट गेली, आली, परत गेली. परत आली तेव्हा आतल्या कॉम्प्युटरमधून फट्ट आवाज आला. मदरबोर्ड गेला.

त्या एका मशीनवर दोन गोष्टी होत्या. पहिली, पेजमेकर ७ आणि त्यासोबतचे मराठी फॉन्ट, जे डोंगल लावल्याशिवाय चालत नव्हते. दुसरी, अण्णांनी २००४ साली एका ओळखीच्या प्रोग्रॅमरकडून करून घेतलेला बिलिंगचा प्रोग्रॅम, डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेला. त्यात २१२ खाती आणि गावभरची उधारी.

नवीन मशीन दुसऱ्या दिवशी आणलं. त्याला डोंगलचं पोर्ट नाही. फॉन्टवाल्या कंपनीला फोन केला, उत्तर आलं, "त्या व्हर्जनला सपोर्ट नाही, नवीन घ्या." बिलिंगवाल्या प्रोग्रॅमरचा नंबर लावला, तर तो नंबर अस्तित्वातच नाही.

अण्णा स्टुलावर बसले होते. म्हणाले, "पत्रिकांचं बघू रे काहीतरी. पण आपली उधारी कुणाकडं किती आहे, ते आता सांगणार कोण?"

कागदाची वही आम्ही २००६ सालीच बंद केली होती. कॉम्प्युटरात आहे की, म्हणून.

नशीब एवढंच की मदरबोर्ड गेला तरी हार्ड डिस्क शाबूत होती. केसिंग लावून ती नवीन मशीनला जोडली, आणि सगळ्या फाइली समोर दिसल्या. दिसल्या, पण एकही उघडेना. म्हणजे डेटा आपलाच, घरातच, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे. आजचा सगळा धडा या एका वाक्यात आहे.

"सोडलेलं" सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय

थोडी माहिती आधी घेऊ, म्हणजे आपल्याकडे काय अडकलंय ते कळेल.

पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीनं काढलं. १९९४ मध्ये अडोबीनं आल्डस घेतली. पेजमेकर ७ आलं २००१ साली, आणि तेच शेवटचं. पुढे कंपनीनं सगळा जोर इनडिझाइनवर दिला. आपल्याकडे मात्र गावोगावच्या डीटीपी सेंटरमध्ये पेजमेकर त्यानंतरही वर्षानुवर्षं चाललं.

फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टचं. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती. २००७ मध्ये कंपनीनं पुढची आवृत्ती येणार नाही असं सांगितलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला. व्हिज्युअल फॉक्सप्रोतले प्रोग्रॅम नवीन विंडोजवर अजून चालू शकतात. पण डॉसवरच्या फॉक्सप्रोतले प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीन बदलण्याची वेळ अनेक दुकानांवर आलेली आहे. आमच्यावर जी वेळ अचानक आली, ती तुमच्यावर सांगून येतेय. फायदा घ्या.

इथे एक गैरसमज दूर करतो. मला बरेच जण म्हणतात, "सर, कंपनीनंच सोडून दिलंय, मग कॉपी मारली तर काय बिघडलं?" बिघडतं. कंपनीनं विकणं थांबवलं म्हणजे कॉपीराइट सोडला असं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे. चोरीची कॉपी आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यवसायासाठी वापर नसेल तर कोर्ट सौम्यपणे बघू शकतं, पण आपण तर दुकानच चालवतोय. धंदा उभा करताना पाया असा नको.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

मग आपण काय शोधायचं? फुकट सॉफ्टवेअर? थांबा.

पिकासा आठवतंय? गुगलचं, फोटोंसाठी. एकदम फुकट. कितीतरी स्टुडिओवाल्यांनी सगळे फोटो त्यात लावले होते. २०१६ मध्ये गुगलनं ते बंद केलं. विषय संपला. फुकट होतं, पण मुक्त नव्हतं. त्याचा सोर्स कोड बाहेर नव्हता, त्यामुळे दुसरं कुणी ते पुढे चालवू शकलं नाही.

आता दुसरी गोष्ट. स्टारऑफिस नावाचं एक ऑफिस पॅकेज होतं. सन कंपनीनं ते विकत घेतलं आणि २००० साली त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये ओरॅकलनं सन कंपनीच घेतली. पुढं काय होणार याची धाकधूक वाटली, तेव्हा काम करणाऱ्या मंडळींनी तोच कोड घेऊन त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. तेच आजचं लिबरऑफिस. मालक बदलले, पण सॉफ्टवेअर वाचलं, कारण कोड खुला होता.

म्हणून दुकानासाठी निवडताना किंमत शून्य आहे का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: बनवणारा उद्या उठून गेला, तर माझी फाइल दुसऱ्या कुणाला उघडता येईल का?

या प्रश्नावर मनापासून काम करणारी माणसं आहेत. लिबरऑफिसच्या मागे जी संस्था आहे, द डॉक्युमेंट फाउंडेशन, तिनं २०१४ मध्ये डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट नावाचं काम सुरू केलं. जुन्या, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली आतून कशा बांधलेल्या आहेत हे शोधून त्या वाचणारे छोटे कोड ही मंडळी लिहितात आणि मोफत देतात. पेजमेकर, कोरलड्रॉ, पब्लिशर या सगळ्यांसाठी ते आहेत. आमच्या फाइली त्यांच्यामुळेच उघडल्या.

नियम एकच: आधी फाइल बाहेर, मग नवं सॉफ्टवेअर

मी सुरुवातीला उलटं केलं. "पेजमेकरला पर्याय कोणता" हे शोधत दोन दिवस घालवले. तुम्ही तसं करू नका. आधी जुन्या मशीनवर कोणकोणत्या प्रकारच्या फाइली आहेत त्याची यादी करा. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं असतात ती बघा. फॉक्सप्रो असेल तर डीबीएफ, पेजमेकर असेल तर पीएमडी किंवा पी६५, कोरल असेल तर सीडीआर, पब्लिशर असेल तर पब.

मग पूर्ण फोल्डरच्या दोन कॉपी करा. एक कपाटात. काम करायचं ते दुसऱ्या कॉपीवर. मूळ फाइल कधीही उघडून सेव्ह करायची नाही.

धडा पहिला: फॉक्सप्रोतली उधारी बाहेर काढणे

हे सगळ्यात सोपं निघालं, आणि सगळ्यात मोलाचं.

डीबीएफ फाइल लिबरऑफिस कॅल्क थेट उघडतं. लिबरऑफिस मोफत उतरवून घ्या, कॅल्क उघडा, फाइल, ओपन, आणि डीबीएफ निवडा. एक खिडकी येईल, त्यात कॅरॅक्टर सेट विचारला जातो. डॉसवरचा प्रोग्रॅम असेल तर वेस्टर्न युरोपमधला डॉस ४३७ हा पर्याय आधी वापरून बघा. नावं नीट दिसली की झालं.

आता काही गोष्टी सांभाळा.

१. एका फोल्डरमध्ये दहा-पंधरा डीबीएफ असतात. एक ग्राहकांची, एक बिलांची, एक बिलातल्या मालाची, असं. घाबरू नका. आकारानं सगळ्यात मोठ्या तीन-चार फाइली आधी उघडा. काम बहुतेक त्यातच असतं.

२. रकान्यांची नावं तुटक दिसतील, कारण या फाइलीत नाव दहा अक्षरांपुरतंच बसतं. कोणता रकाना कशाचा हे ओळखायला एखादं जुनं छापील बिल शेजारी घ्या आणि आकडे जुळवा.

३. फोल्डरमध्ये सीडीएक्स किंवा आयडीएक्स नावाच्या फाइली असतील. त्या फक्त अनुक्रमणिका. त्या उघडायची गरज नाही. पण एफपीटी फाइल दिसली तर ती डीबीएफच्या शेजारीच राहू द्या, लांबलचक शेरे त्यात असतात.

४. फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली तरी ती लगेच पुसली जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. त्यामुळे नोंदींची संख्या पुढेमागे दिसली तर दचकू नका.

५. काम झालं की परत डीबीएफमध्ये सेव्ह करू नका. ओडीएस मध्ये सेव्ह करा, आणि एक कॉपी सीएसव्हीत. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जातो.

आणि सर्वात महत्त्वाचं, बेरीज जुळवा. आमच्याकडे ३१ मार्चचा एक छापील उधारी रिपोर्ट सापडला. त्या तारखेपर्यंतची कॅल्कमधली बेरीज त्यापेक्षा ६,२०० रुपयांनी जास्त येत होती. मी म्हटलं, फाइल खराब झाली. अण्णांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "सहा हजार दोनशेचा अर्धा कर. तीन हजार शंभरची एंट्री शोध."

मिळाली. एका शाळेनं दिलेला ३,१०० चा ॲडव्हान्स. फाइलमध्ये नावे आणि जमा यांचा रकाना वेगळा होता, आणि त्या खात्यावरची खूण मी चुकीची धरली होती. जमा रक्कम नावे बाजूला पडली की फरक नेहमी दुप्पट येतो. हे मला बीबीएच्या पुस्तकात शिकवलं होतं, पण आठवलं ते सातवी शिकलेल्या अण्णांना.

बेरीज पैशापर्यंत जुळली. एप्रिलमधल्या नोंदी धरून उधारी निघाली ३ लाख ४० हजार. त्या रात्री आम्ही सगळे पोटभर जेवलो.

एक कायद्याची गोष्ट. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणजे २०२२-२३ ची बिलं ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. "प्रोग्रॅम उघडत नाही" हे उत्तर तिथे चालणार नाही. म्हणून जुनं बिलिंग बंद करताना सगळी बिलं एकदा पीडीएफ किंवा सीएसव्ही करून ठेवाच.

पुढच्या हिशोबासाठी आम्ही जीएनयूकॅश घेतलं. १९९८ पासून चालू आहे, मुक्त आहे, दुहेरी नोंद पद्धतीचं आहे. ग्राहकवार बिलं आणि येणी त्यात नीट बसतात, कराचे दर आपल्याला टाकता येतात. पण जीएसटी रिटर्न ते भरून देत नाही. आम्ही महिन्याला यादी काढून सीएंना देतो. तुमचा व्याप मोठा असेल, स्टॉक, दोन शाखा, ई-इनव्हॉइस वगैरे, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा. तेही मुक्त आहे आणि त्याला भारतातल्या जीएसटीसाठी वेगळं मुक्त ॲप जोडता येतं. मात्र ते सर्व्हरवर चालतं, म्हणजे सॉफ्टवेअर मोफत असलं तरी सर्व्हरचं भाडं आणि बसवणाऱ्याची मजुरी आलीच.

धडा दुसरा: पेजमेकरच्या फाइली आणि मराठी मजकूर

इथे घाम निघाला.

पेजमेकरच्या फाइली लिबरऑफिस ड्रॉ उघडतं, २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या ४.४ आवृत्तीपासून. आम्ही फाइल उघडली. चौकटी दिसल्या, रेघा दिसल्या, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

असं का होतं ते समजून घ्या, कारण हा आपला मराठी माणसांचा खास त्रास आहे. पेजमेकरला युनिकोड येत नव्हतं. त्यामुळे त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या जागी, वेलांटी तिसऱ्या जागी. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर मराठी. फॉन्ट गेला की खिचडी. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच, मराठीचं फक्त चित्र होतं.

यावर उपाय म्हणजे तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणं. इंटरनेटवर फॉन्टनुसार मोफत कन्व्हर्टर मिळतात. ड्रॉमधून मजकूर कॉपी करायचा, आपल्या जुन्या फॉन्टचा कन्व्हर्टर निवडायचा, बदलून घ्यायचा. दोन जागी हमखास चुका होतात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि तिथे तो घसरतो. त्यामुळे बदललेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय छापायचा नाही. पत्रिकेत वराच्या आजोबांचं नाव चुकलं तर पाहुणे जेवायच्या आधी तेच वाचतात.

ग्राहकाची खाजगी माहिती, फोन नंबर, पत्ते अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नका. तेवढा भाग हातानं टाइप करा.

मांडणीसाठी पर्याय आहे स्क्रायबस. पत्रिका, हँडबिल, पुस्तिका, सगळं यात होतं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. १.४ ही जुनी आवृत्ती घेऊ नका, तिच्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटतात. मराठीसाठी लागणारी सोय १.५ च्या मालिकेत आली. आम्ही तेव्हा १.५.८ वर काम केलं. २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली आहे, तीच घ्या.

फॉन्ट मोफत आणि चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू, मोदक. नोटो सान्स देवनागरी. पत्रिकेच्या गंभीर मजकुराला तिरो देवनागरी मराठी छान दिसतो, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. हे खुल्या परवान्याचे आहेत, व्यवसायात वापरायला हरकत नाही. कुठलाही नवीन फॉन्ट घेतला की आम्ही आधी हे शब्द टाइप करून बघतो: श्री, लक्ष्मी, ज्ञानेश्वर, दुसऱ्या, वाऱ्यावर, चि. सौ. कां. यात ऱ्य तुटला तर तो फॉन्ट बाद.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिली पत्रिका स्क्रायबसमध्ये झाली, पीडीएफ काढून कोल्हापूरच्या ऑफसेट प्रेसला पाठवली. एकरंगी काम, फक्त काळा. प्रेसवाल्यांचा फोन आला, "दादा, एकरंगी सांगितलंत आणि प्लेटा चार निघाल्या की!" पीडीएफ काढताना रंगाच्या पानावर "आउटपुट कशासाठी" असा पर्याय असतो. तो मुळात स्क्रीन आणि वेबवर असतो. मी तो तसाच ठेवला. त्यामुळे सगळे रंग आरजीबी झाले, आणि प्रेसवर काळ्याचे चार रंग झाले. तीन प्लेटांचे पैसे माझ्या खिशातून गेले.

म्हणून ही यादी भिंतीवर चिकटवा:

- पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये आउटपुट "प्रिंटर"साठी ठेवा.
- प्रेसनं पीडीएफ/एक्स मागितलं आणि तो पर्याय दिसत नसेल, तर डॉक्युमेंट सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करा. मग दिसतो.
- घोस्टस्क्रिप्ट हे छोटं मोफत सॉफ्टवेअर सोबत बसवा. मग स्क्रायबसच्या प्रिव्ह्यूमध्ये चारही रंग वेगवेगळे करून बघता येतात. एकरंगी काम असेल तर फक्त काळ्यातच मजकूर दिसला पाहिजे.
- ब्लीड तीन मिलिमीटर, प्रेसनं वेगळं सांगितलं नसेल तर.
- पहिल्या कामाला प्रेसकडून प्रूफ मागा. नवीन सॉफ्टवेअरवर पहिलंच काम घाईचं घेऊ नका.

बाकीच्या फाइलींचं काय

कोरलड्रॉ अजून चालू आहे, पण जुनी आवृत्ती नवीन मशीनवर चालेना अशी तक्रार येते. सीडीआर फाइल इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ उघडतात. साधा लोगो बहुतेक नीट येतो. बारीक इफेक्ट असतील तर बिघडतात. इंकस्केप मुळात आरजीबीत काम करतं, म्हणून छपाईचं काम असेल तर लोगो स्क्रायबसमध्ये आणून रंग तिथे ठरवा.

मायक्रोसॉफ्ट पब्लिशर वापरणारे लक्ष द्या. ऑक्टोबर २०२६ पासून ते बंद करत असल्याचं कंपनीनं जाहीर केलंय. पब फाइली ड्रॉमध्ये उघडतात, पण पब्लिशर चालू आहे तोवरच सगळ्यांच्या पीडीएफ काढून ठेवा.

कुणाकडे लोटस १-२-३ च्या शीट असतील, त्या कॅल्कमध्ये उघडून बघा. पिकासाच्या जागी डिजीकॅम वापरता येतं.

आणि एखादा प्रोग्रॅम कशातच बसत नसेल, तर तोच काही महिने चालू ठेवायची सोय आहे. डॉसचा असेल तर डॉसबॉक्स. विंडोजचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर. त्यासाठी जुन्या विंडोजचा परवाना आपल्याकडे हवा, आणि त्या आतल्या मशीनला इंटरनेट जोडायचं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज मुक्त आहे, पण त्याच्यासोबतच्या एक्स्टेंशन पॅकचा परवाना वेगळा आहे, दुकानात तो बसवू नका. ही सोय म्हणजे बदली होईपर्यंतचा कुबडीचा आधार. त्यावर संसार मांडू नका.

मोफतचा खरा खर्च

मी इथे कुणाला स्वप्न विकत नाही. सॉफ्टवेअरला रुपया लागला नाही, पण खर्च झाला.

फॉक्सप्रोचा डेटा एका रविवारी निघाला. स्क्रायबसला मात्र पंधरा दिवस दुकानाचा वेग निम्म्यावर आला. अठरातल्या चार पत्रिका मी शेजारच्या गावातल्या सेंटरकडून करून घेतल्या, त्यात आम्हाला काहीच उरलं नाही. आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या ताई चौदा वर्षं पेजमेकरवर बसलेल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दादा, माझ्या बोटांना पेजमेकर पाठ आहे. हे मला नाही जमायचं." मी त्यांना घाई केली नाही. रोज एक तास फक्त सराव, ऑर्डर नाही. शॉर्टकट बदलता येतात, ते त्यांच्या सवयीचे करून दिले. मराठीसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट असतंच. वेगळी मांडणी हवी असेल तर कीमॅन नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. महिन्याभरात त्यांचा हात बसला. आता नवीन मुलीला त्याच शिकवतात.

आणि जुन्या पत्रिकांची मांडणी परत आली नाही. मजकूर मिळाला, पण कोपऱ्यातली नक्षी, ओळींचं अंतर, अण्णांनी हातानं जुळवलेले ते गणपती, ते ढळले ते ढळलेच. शंभरेक नमुने आम्ही नव्यानं बांधले. बाकीचे सोडून दिले.

कधी बदलू नये? तुमचा मुख्य ग्राहक कोरलचीच चालू फाइल मागतो, किंवा तुमचे सीए एकाच सॉफ्टवेअरची फाइल घेतात, तर आधी त्यांच्याशी बोला. त्यांना पीडीएफ किंवा सीएसव्ही चालत असेल तरच बदला. आणि सीझनच्या तोंडावर तर कधीच बदलू नका. आमच्यावर ती वेळ आली, तुमच्यावर यायची गरज नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक कागद घ्या. दुकानातलं प्रत्येक सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, ते कुणी बनवलं, आणि शेवटचा अपडेट कधी आला ते लिहा.

२. प्रत्येकासमोर लिहा: हे उद्या बंद पडलं तर माझं कोणतं काम थांबेल? उधारी, बिलं आणि ग्राहकांची यादी ज्यात आहे, त्याला लाल खूण.

३. लाल खुणेच्या सॉफ्टवेअरमधली एक फाइल, फक्त एक, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा.

४. उघडली तर बेरीज जुळवा. नाही उघडली तर त्याच सॉफ्टवेअरमधून आजच पीडीएफ आणि सीएसव्ही काढा, ते चालू आहे तोवर.

५. दोन कॉपी. एक दुकानात, एक घरी.

आणि जुनं दुकान चालवायला घेणार असाल, तर फर्निचर आणि डिपॉझिट बघता तसं हेही बघा: हिशोबाचा डेटा कोणत्या फाइलीत आहे, आणि मालक गेल्यावर तो कुणाला उघडता येईल. खरेदीच्या आधी विचारा. नंतर फोन लागत नाही.

आमच्या काउंटरवर आता दर शनिवारी संध्याकाळी अण्णा स्वतः पेन ड्राइव्ह लावतात, कॉपी करतात आणि उधारीची एक छापील यादी गल्ल्याखाली ठेवतात. मी म्हटलं, "अण्णा, आता कशाला कागद?" म्हणाले, "तुझं ते मुक्त-बिक्त असू दे. लाइट जायची ती जाणारच."

पुढच्या व्हिडिओत स्क्रायबसमध्ये पहिली लग्नपत्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. तोवर गृहपाठ पूर्ण ठेवा.